खाचरातली एकादशी

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा भरला असताना शहापूर-मुरबाडचा माळकरी मात्र घोटाभर चिखलात उभा आहे. यात नवल काहीच नाही. घाटावरचा शेतकरी पेरणी उरकून वारीला निघतो, त्याच दिवसांत आपल्याकडे भाताची आवणी ऐन भरात असते. राबातले रोप हाताला आले की ते कुणासाठी थांबत नाही. ते जून झाले की फुटवे कमी होतात आणि पोत्यांचा हिशेब बिघडतो. म्हणूनच इथल्या दिंड्यांचा खरा हंगाम कार्तिक. भात कापून झाले की पावले आळंदीकडे वळतात. मुरबाडची वाट माळशेज चढून ओतूरला जाते, आणि तुकोबांचे गुरू मानल्या जाणाऱ्या बाबाजी चैतन्यांची समाधी तिथेच आहे.

आषाढीला पंढरपूर चुकले म्हणून हळहळणाऱ्याने सावता माळी आठवावेत. अरणच्या मळ्यातले काम सोडून ते पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. बाकीच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. अरणला मात्र खुद्द विठोबाचीच पालखी जाते. 1295 साली समाधिस्थ झालेल्या या माळ्याने वारकरी पंथाला एक मोठी सवलत देऊन ठेवली आहे. देवापाशी विसावण्यासाठी हातातले काम टाकून जावेच लागते, असे नाही.

आज या सवलतीची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे, कारण इथल्या माणसाच्या डोक्यावर दोन गावांचा भार आहे. पहाटे कसारा लोकल गाठणारा आसनगाव-खर्डीचा तरुण रात्री घरी येतो तो झोपण्यापुरता. मुरबाडला रेल्वे नाही. तिथला नोकरदार एसटीत किंवा जीपमध्ये कोंबून कल्याण गाठतो. कारखान्यातली नोकरी कंत्राटी, आवणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. कुणाच्या जमिनीचे पैसे आले आणि भावाभावांतले बोलणे गेले. पाऊस चार दिवस दडी मारतो तेव्हा बाप आभाळाकडे बघतो आणि मुलगा मोबाइलमधल्या हप्त्याच्या मेसेजकडे. झोप दोघांचीही उडते.

अशा वेळी ‘देवावर भार टाका’ हे सांगणे सोपे आहे. कोणता भार टाकायचा, हे सांगणे अवघड. भातशेतकऱ्याला ते शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, कवळ अंथरून राब भाजायचा, मृगाच्या पावसावर पेरायचे, चिखलणी करायची, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या तरी वाकून मुठी लावायच्या. हे सगळे त्याचे. त्यापुढचा पाऊस त्याचा नाही. आपले काम जिथे संपते ती हद्द त्याला ठाऊक असते. त्या हद्दीपलीकडचे ओझे रात्रभर उशाशी घेऊन बसणे म्हणजेच ताण. ते ज्याचे त्याला देऊन टाकणे म्हणजे श्रद्धा. बांधावर नारळ फोडून तो घरी येतो, तेव्हा त्याने जबाबदारी झटकलेली नसते. तिची वाटणी केलेली असते.

संध्याकाळचा हरिपाठ हा या वाटणीचा रोजचा सराव. मृदंगावर थाप पडते, दहा-बारा माणसे एका लयीत म्हणू लागतात, आणि दिवसभर छातीत अडकलेला श्वास हळूहळू लांबतो. हा निव्वळ भाबडेपणा नव्हे. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवून दिले, की जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना काय किंवा बौद्ध मंत्र काय, लयीत म्हटल्याने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या कामालाही त्याचा लाभ होतो. आपल्या वाडवडिलांनी हे मोजले नव्हते, पण रोज अनुभवले होते. शिवाय देवळात माणूस एकटा नसतो. ‘काल का आला नाहीस?’ असे विचारणारे कुणीतरी तिथे असते.

मात्र हद्द दोन्ही बाजूंनी पाळायला हवी. आपले काम देवाच्या माथी मारणे ही श्रद्धा नव्हे. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि इथल्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावतात. हे नशिबाचे भोग नाहीत, नियोजनाचे आहेत; त्याचा जाब देवळात नव्हे, पंचायतीत आणि मंत्रालयात विचारायला हवा. तसेच मनाच्या आजाराचे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगण्याची इच्छा उरलेली नाही, अशा माणसाला भगताकडे नेऊन उतारा करण्यात दिवस घालवू नयेत. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेवर 14416 हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य लागतो, आणि ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. गोळी घेतल्याने विठोबा रागावत नाही. बाटलीने मात्र घर बसते, हे गळ्यात माळ घालून दारू सोडलेल्या कितीतरी घरांनी या दोन तालुक्यांत पाहिले आहे.

आज आवणी आटोपून, वरीचा भात खाऊन गाव देवळात जमेल. त्या बैठकीत कोण आले यापेक्षा कोण आले नाही, याकडे लक्ष द्यावे. नोकरी सुटलेला पोरगा, कर्जाने गप्प झालेला शेतकरी, माहेरी परत आलेली लेक हे बहुधा घरातच बसून असतात. टाळ वाजण्याआधी कुणीतरी उठून त्यांना हाक मारावी. देवावर विसंबायचे धैर्य पुष्कळदा आधी माणसावर विसंबता आले की मगच येते.