नगररचनेचा खेळ आणि नागरिकांचा अभिप्राय

नगरे वसविण्याचे संगणकीय खेळ म्हणजे मुलांच्या रिकाम्या वेळेचा विरंगुळा, असे समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची आपल्या सुशिक्षित समाजाची रीत मला योग्य वाटत नाही. कारण वस्ती कोठे असावी, पाणी कोठून यावे, रस्ता कोणाच्या दारावरून जावा आणि मोकळी जागा कोणासाठी राखावी, हे प्रश्न ज्या खेळात क्षणोक्षणी सोडवावे लागतात, त्या खेळाविषयी खेळणारे काय बोलतात हे ऐकणे म्हणजे आपल्या गावाविषयी सामान्य माणसाची अपेक्षा काय आहे हेच ऐकणे होय. वाशिमसारख्या, अद्यापि आपले रूप घडवीत असलेल्या जिल्ह्याला तर हे ऐकणे विशेष उपयोगाचे आहे.

या प्रकारातील ‘डॉर्फरोमँटिक’ हा जरा विलक्षण खेळ बर्लिनमधील चार विद्यार्थ्यांच्या ‘टूकाना इंटरॲक्टिव्ह’ या लहानशा संस्थेने रचला. मार्च 2021 मध्ये तो अपुऱ्या स्थितीतच खेळाडूंच्या हाती देण्यात आला आणि त्यांचे अभिप्राय विचारात घेत घेत एप्रिल 2022 मध्ये पूर्णत्वास नेण्यात आला; पुढे त्याचा पटावरचा अवतारही निघाला व त्याला जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार 2023 साली लाभला. खेळाडूजवळ षट्कोनी तुकड्यांची मर्यादित चवड असते. तुकड्याच्या सहा बाजूंवर कोठे शेत, कोठे रान, कोठे घरे, कोठे नदी, तर कोठे लोहमार्ग रेखलेला असतो. शेताला शेत व रानाला रान भिडले की गुण मिळतात, सहाही बाजू जुळल्या की चवडीत तुकड्याची भर पडते, नदीचे व रुळाचे टोक मात्र भलत्याच बाजूला टेकवताच येत नाही. काही तुकडे मागणी घेऊन येतात, की इतकी घरे किंवा इतकी झाडे सलग जोडून द्या. मागणी पुरी झाली तर चवड वाढते, आणि चवड संपली की खेळ आटोपतो.

या खेळाचे बहुतेकांनी स्वागत केले ते त्याच्या शांतपणासाठी. त्यात शत्रू नाही, घड्याळाचा तगादा नाही, खजिना रिता होण्याची धास्ती नाही. परंतु ज्यांना खेळ आवडला त्यांच्यातही मतभेद आहेत. चवडीतून पुढे काय निघेल याचा भरवसा नसल्यामुळे कौशल्यापेक्षा नशिबाला अधिक वाव मिळतो, अशी काहींची तक्रार आहे. गुणांच्या मागे लागताच मूळची शांतता ओसरते, असे काहींना वाटते. आणि इतके रमणीय गाव उभे राहूनही त्यात भांडणारा, बाजारहाट करणारा, पाण्यासाठी रांगेत उभा राहणारा माणूसच नाही, ही उणीव काहींच्या मनाला लागून राहते. पहिल्या दोन आक्षेपांचा विचार खेळ रचणाऱ्यांनी करावा. तिसरा आक्षेप मात्र मला फार मोलाचा वाटतो, कारण तो खेळापुरता राहत नाही, आपल्या नगरपरिषदांच्या नकाशांनाही तो तंतोतंत लागू पडतो.

नगररचनेच्या प्रत्येक पटामागे रचणाऱ्याचे एक मत दडलेले असते. 1989 साली विल राइट यांनी ‘सिमसिटी’ निर्माण केला तेव्हा त्यांनी जे फॉरेस्टर यांच्या 1969 मधील नगरविषयक ग्रंथातील गणिती मांडणीचा आधार घेतला होता. करवाढीने वस्ती उठते की राहते, याचे उत्तर खेळाडू खेळू लागण्यापूर्वीच तेथे ठरलेले होते. त्या पहिल्या खेळात विजेची जोडणी करावी लागे, पाण्याची मात्र नाही. नळयोजना आली ती 1993 च्या ‘सिमसिटी 2000’ मध्ये. पुढे 2013 च्या आवृत्तीत गाड्या उभ्या करण्याच्या जागा वास्तवाच्या प्रमाणात दाखविल्या तर शहर त्यांनीच व्यापून जाईल, हे ध्यानी आल्यामुळे रचनाकारांनी त्या बहुतांशी दृष्टीआड केल्या. तात्पर्य हे की, जे नकाशावर दिसत नाही त्याविषयी प्रश्न विचारण्याचे कर्तव्य खेळणाऱ्यावर येऊन पडते.

वाशिमच्या भूमीवर तर हा प्रश्न पाण्यापासूनच सुरू होतो. हा जिल्हा जलविभाजकावर वसलेला आहे. येथे उगम पावणाऱ्या काटेपूर्णेचे पाणी उत्तरेस पूर्णेला व तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते, तर पैनगंगेचे पाणी वर्धा व गोदावरी यांच्या मार्गाने बंगालच्या उपसागरास पोहोचते. जेथे दोन्ही दिशांचे पाणी वाहून जाण्याच्याच वाटेवर असते, तेथे ते अडविणे व साठविणे हीच वस्तीची पहिली अट ठरते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच वाशिम नगर. येथील पद्मतीर्थ असो, किंवा भोसल्यांच्या अमदानीत दिवाण भवानी काळू यांनी बालाजीच्या मंदिरासह बांधलेला देव तलाव असो, देवालय आणि जलाशय यांची सांगड आपल्या पूर्वजांनी डोळसपणे घातलेली दिसते. आजच्या वाशिम शहराची तहान एकबुर्जी प्रकल्पावर अवलंबून आहे. जिल्ह्यातील कारंजा येथे जुन्या गावकोटाच्या दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या वेशींनी व्यापारी वाटांची दिशा आपल्या नावांतच जपून ठेविली; त्याच कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ अरुंद मापाची ‘शकुंतला’ रेल्वे आज बंद आहे, आणि रुळाला रूळ न भिडल्याने एखाद्या कसब्याचे काय होते हे सांगण्यास त्याहून निराळा दाखला नको. उलट डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झालेला समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला असून, त्याच्या चढ-उताराच्या ठिकाणांभोवती जमिनीचे मोल व उपयोग झपाट्याने पालटत आहेत. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या पटावर नवे तुकडे पडत आहेत; ते कोठे पडावेत हे ठरविताना येथील रहिवाशाला किती विचारले जाते, हा खरा सवाल आहे.

कायद्याने विचारण्याची सोय केलेली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि त्यांवर सुनावणी द्यावी लागते. प्रत्यक्षात काय घडते? कचेरीच्या भिंतीवर एक विस्तीर्ण नकाशा लागतो, त्यावर सर्व्हे नंबरांची बारीक अक्षरे आणि रंगांचे पट्टे असतात, शेजारी कायदेशीर भाषेतील जाहीर सूचना असते. ज्याच्या शेतावर आरक्षण पडले तो वकील गाठून हरकत दाखल करतो, परंतु जिच्या मुलांना खेळायला मैदान नाही ती गृहिणी, आठवडी बाजारात पाल ठोकणारा विक्रेता, शाळेला पायी जाणारी मुलगी यांच्यापैकी कोणाचा अर्ज दप्तरी येत नाही. ही संधी हुकली तर पुढच्या संधीची वाट पाहणे आले, कारण आराखड्याच्या सुधारणेसाठी अधिनियमाने वीस वर्षांपर्यंतचा अवधी दिलेला आहे. आणि आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालकाला ती सोडविण्याची नोटीस देता येते, म्हणजे कागदावरचे मैदानही हातचे जाऊ शकते. खेळात डाव फसला तर नवी चवड क्षणात मिळते. गावाचा डाव फसला तर एक पिढी त्याची किंमत मोजते.

म्हणूनच खेळ रचणाऱ्यांनी खेळाडूंच्या अभिप्रायाला जे स्थान दिले ते आपण नागरिकांच्या अभिप्रायाला द्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ही कल्पना हवेतली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने 2012 पासून ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ हाती घेऊन नैरोबीतील किबेरासारख्या गरीब वस्त्यांतल्या रहिवाशांकडून सार्वजनिक जागांचे आराखडे करवून घेतले. स्टॉकहोममध्ये ‘सिटीज स्कायलाइन्स’ या खेळाच्या साहाय्याने एका नव्या भागाच्या रचनेवर चर्चा घडविण्यात आली. जमिनीची मालकी, महसूल व न्यायालये यांचा गुंता कोणताही खेळ सोडवू शकत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु तो गुंता सोडविण्यापूर्वी लोकांना काय हवे आहे हे त्यांच्याच हातांनी मांडून घेण्याचे काम खेळ उत्तम रीतीने करतो, आणि त्या कामाची तर आपल्याकडे मुळीच तजवीज नाही.

वाशिम, कारंजा, रिसोड व मंगरूळपीर येथील नगरपरिषदांनी आणि मालेगाव व मानोरा येथील नगरपंचायतींनी आपल्या गावाचा सुटे तुकडे हलविता येतील असा पट, संगणकावर किंवा साध्या पुठ्ठ्यावर, मराठीतून तयार करावा. त्यात तलाव, नाले, विहिरी, वेशी व बाजार यांची खरी जागा दाखवावी. तो शाळांतून व आठवडी बाजारातून फिरवावा. मसुदा ठरण्यापूर्वी लोकांनी केलेल्या मांडणीची व तिच्यामागील कारणांची नोंद घ्यावी, आणि कोणती सूचना का स्वीकारली व कोणती का नाकारली याचे सकारण उत्तर प्रसिद्ध करावे. यास लागणारा खर्च एखाद्या चुकीच्या जागी बांधलेल्या नाल्याच्या खर्चाहून अधिक होणार नाही, आणि आपण सांगितलेले कोणी तरी लिहून घेतले एवढ्यानेही नागरिकाच्या ठायी आपल्या नगराविषयी जी जबाबदारीची भावना उत्पन्न होईल, ती कोणत्याही अध्यादेशाने उत्पन्न करता येणारी नाही.