चांदणीची गाडी

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण हौसेला गंज चढतो आणि हौसेला आरटीओही असतो, हे सहसा कोणी सांगत नाही. आज वाचकांशी थोडे त्याविषयी बोलायचे आहे.

आमचा एक माजी विद्यार्थी. भालकी तालुक्यातला, शेतकऱ्याघरचा. बीदरला इंजिनिअरिंग करून नोकरीसाठी जर्मनीत गेला तो तिकडेच, स्टुटगार्ट शहरात स्थिरावला. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.) गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. ‘सर, एक जुनी मर्सिडीज बघितलीय. उघड्या टपाची, १९८६ची. घेऊ का? आणि घेतली तर गावाकडं आणता येईल का?’

आता इतिहासाच्या मास्तराला मोटारीचे काय विचारायचे? पण त्याने पुढे जे सांगितले त्यामुळे मी ते मनावर घेतले. ही गाडी त्याला स्वतःसाठी कमी आणि वडिलांसाठी जास्त हवी आहे. अप्पांनी ऐन उमेदीच्या काळात सोलापूर–हुमनाबाद–हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवला. टेल्को आणि डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ साली झाला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. पंधरा वर्षांचा तो करार १९६९ मध्ये संपला. त्या काळातल्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असायची. अप्पा दहा वर्षे त्या चांदणीच्या मागे बसले. आज वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले. ‘चांदणीची मोटार कशी चालते ते एकदा बघायचंय,’ असे ते कधीतरी बोलून गेले आणि लेकाने ते धरून ठेवले.

तेव्हा मी माहिती गोळा केली. वाचकांपैकी कोणाच्या मुला-पुतण्याच्या डोक्यात असे वेड शिरले तर उपयोगी पडेल म्हणून इथे देतो.

ही गाडी मर्सिडीजची ‘एसएल’. जाणकार तिला कारखान्यातल्या क्रमांकावरून ‘आर १०७’ म्हणतात. १९७१ ते १९८९ अशी तब्बल अठरा वर्षे ती स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगनच्या कारखान्यात बनली. एकूण गाड्या निघाल्या २,३७,२८७. म्हणजे दुर्मिळ म्हणावी अशी ती नाही. वर कापडी टप, तो दुमडून मागे आत बसतो. शिवाय थंडीसाठी वेगळा काढता-घालता येणारा लोखंडी टप. मुळात बसायला दोनच जागा. मागची छोटी बैठक वेगळे पैसे भरून मिळे, आणि तीही पोराटोरांपुरतीच.

नाव एक असले तरी गाड्या अनेक. चासी नंबरमध्ये १०७ नंतरचे तीन आकडे बघायचे. ०४१ असेल तर सहा सिलिंडरची ३०० एसएल, ०४६ असेल तर आठ सिलिंडरची ५०० एसएल, ०४८ असेल तर ५६० एसएल. ही शेवटची मुख्यतः अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियासाठी काढली होती. अमेरिकेतून परत युरोपात आलेल्या गाड्याही बाजारात भरपूर असतात. लांब बाहेर आलेले बंपर आणि गोल दिवे यांवरून त्या ओळखू येतात. त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. कोरड्या प्रदेशातून आलेल्या गाडीचा पत्रा पुष्कळदा चांगला निघतो.

आणि पत्रा हेच खरे दुखणे आहे. इंजिन दणकट असते, वेळेवर तेल बदलले तर लाखो किलोमीटर चालते. गंज मात्र आतून खातो. पुढच्या काचेखाली, जिथे हीटरची पेटी बसते, तिथे पाणी साचून पत्रा सडतो. वरून गाडी नवरीसारखी चमकते आणि आतला गालिचा उचलला की ओल हाताला लागते. दाराखालचा उंबरा, जॅक लावायच्या जागा, डिकीचा तळ, चाकांवरच्या कमानी, हे सगळे वाकून, टॉर्च लावून बघायचे. गाडी बरीच वर्षे उभी असेल तर पेट्रोल इंजेक्शनची यंत्रणा जाम होते आणि ती दुरुस्त करणे खिशाला झेपत नाही. आठ सिलिंडरच्या गाडीत टायमिंग चेन आणि तिची पट्टी कधी बदलली ते विचारायचे. पावती नसेल तर बदललेली नाही असेच समजायचे. थोडक्यात, चार पैसे जास्त देऊन कागद आणि पत्रा दोन्ही धड असलेली गाडी घ्यावी. स्वस्तातली घेऊन नंतर डेंटिंग-पेंटिंग करत बसणाऱ्याला ती शेवटी महागच पडते.

जर्मनीत या हौसेला कायद्याचाही आधार आहे. तीस वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर नंबरपाटीवर शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळते. मग इंजिन केवढेही असो, वर्षाचा कर ठरलेला: १९१ युरो ७३ सेंट. दर दोन वर्षांनी तपासणी. स्टुटगार्टलगतच्या फेलबाखला १९९३ पासून कंपनीचेच जुन्या गाड्यांचे केंद्र आहे. म्हणजे तिथे राहणाऱ्याने गाडी घेतली तर काळजी वाहायला यंत्रणा आहे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: गावी आणता येईल का? इथे आपले गाडे अडते. परदेशात वापरलेली मोटार भारतात आणायची तर सर्वसाधारण नियम असा की ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे. याची गाडी चाळीस वर्षांची आणि स्टिअरिंग डावीकडे. विंटेज गाड्यांची वाट वेगळी आहे, पण ऐंशीच्या दशकातली गाडी अजून तिच्यात बसत नाही. आपल्या केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. त्यात वयाची अट पन्नास वर्षांची आहे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. १९८६ची गाडी पन्नाशीची होणार २०३६ मध्ये. अप्पांना तोवर थांबा म्हणून कोण सांगणार?

मग देशात आधीच असलेली गाडी घ्यावी काय? मुंबईत २०१४ पासून जुन्या मर्सिडीज गाड्यांची रॅली भरू लागली, तिथे या गाड्या लोकांनी पाहिल्या आहेत. म्हणजे आहेत, पण मोजक्या. त्यातली एखादी मिळाली तरी पासिंगचा घोळ आपल्या सीमाभागाला सांगायला नको. अर्धी सोयरीक लातूर-उदगीरला, त्यामुळे महाराष्ट्र पासिंगची गाडी घेऊन फसलेला एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत आहे. तिकडच्या आरटीओची एनओसी, मालकी बदलण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, बारा महिन्यांच्या वर गाडी इथे राहिली की कर्नाटकाचा नंबर आणि कर्नाटकाचा कर. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आयात केलेल्या मोटारीची ती फी २०२२ मध्ये चाळीस हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या आयात मोटारीसाठी २०२५ मध्ये ऐंशी हजार.

त्यात पेट्रोलची गोष्ट निराळीच. २०२५ पासून आपल्याकडच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे. त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसाचे, बीदर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला त्याचे दोन पैसे मिळावेत यात वाद नाही. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी केलेले नाहीत. ते लवकर खराब होतात आणि वेळच्या वेळी बदलावे लागतात.

सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, ‘सर, एक एजंट म्हणतोय की कागदाचं बघून घेऊ.’ तेव्हा मात्र मला आवाज चढवावा लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने छापे घातले, ते भूतानमार्गे चोरून आणलेल्या महागड्या गाड्यांसाठीच. भल्याभल्यांच्या दारातून गाड्या गेल्या. ज्या अप्पांनी आयुष्यभर प्रत्येक नाक्यावर कागद दाखवून ट्रक पुढे काढला, त्यांच्या दारातून पोलिसांनी मोटार ओढून न्यावी, याहून मोठे दुःख त्या म्हाताऱ्याला कोणते?

मी स्वतः अप्पांना भेटायला गेलो. त्यांना सगळे समजावून सांगितले. ते हसले. ‘सर, दोघंच बसतेत म्हणं तिच्यात. मी बसलो की आमची म्हातारी कुठं बसंल? आन् पोरगा चालवणार का म्हातारी?’ मग जरा वेळाने म्हणाले, ‘मोटारीचं राहू द्या हो. तीन वर्षं झाली त्याला येऊन. त्यालाच आणता येतं का बघा.’

मोटारीत बसण्याची हौस अप्पांना आहे, ती खोटी नाही. पण त्या हौसेच्या पोटात दुसरी हौस आहे, आणि ती मोठी आहे. आपल्या आपल्यात आपण हे सरळ बोलत नाही. बाप मोटारीचे नाव काढतो, लेक मोटार शोधत बसतो. आपल्या सीमाभागातल्या कित्येक घरांतली पोरे पुणे, हैदराबाद, बंगळूर आणि त्याही पलीकडे गेली आहेत. पैसे येतात, वस्तू येतात. त्या वस्तूंचा आनंद होतो, नाही असे नाही. पण दारात उभी केलेली वस्तू बोलत नाही.

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची १९१२ची पिवळी रोल्स-रॉईस ठेवली आहे. एकेकाळी आपला बीदर आणि गुलबर्गा दोन्ही त्याच निजामाच्या राज्यात होते. केवढी थाटाची गाडी! पण ती रस्त्यावर फारशी धावलीच नाही. अशी गाडी बघायला जावे, घरी आणू नये.

मी त्याला कळवले ते असे. गाडी घ्यायची असेल तर तिकडेच घे, नीट तपासून घे, ‘एच’ नंबर घे आणि मनापासून चालव. बऱ्या अवस्थेतल्या त्या गाडीच्या किमतीत भालकीत बऱ्यापैकी घर उभे राहते, तेव्हा तिकडच्या बँकेचे कर्ज मात्र काढू नको. पण आधी तिकीट काढ. दिवाळीला ये आणि चार दिवसांसाठी नको, महिनाभरासाठी ये. अप्पांच्या गुडघ्यांना डॉक्टर हो म्हणाले तर उन्हाळ्यात दोघांना तिकडे ने. मे महिन्यात आपल्याकडे बेचाळीस अंश तापते तेव्हा तिकडे टप उघडायचे दिवस असतात. एक दिवस अप्पांना शेजारी बसव, दुसऱ्या दिवशी आईला.

दिवाळीचे तिकीट काढल्याचा निरोप परवा आला. गाडीचे अजून ठरलेले नाही. वाचकहो, ठरले नाही तरी बिघडले काय?