प्रयोगशाळेबाहेर : अण्णांची वही



पिकनिकच्या सॉफ्टबॉल सामन्यात झाडाखाली खुर्ची टाकून अण्णा वहीत काय लिहीत होते, असं तिघा-चौघांनी विचारलं. उभ्याउभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून या वेळचं सदर त्यावरच.

आई गेल्यानंतर अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीला आले, एप्रिलमध्ये, सहा महिन्यांसाठी. आम्ही दोघं दिवसभर कामावर, नऊ वर्षांचे चिरंजीव शाळेत. अण्णा खिडकीशी बसून टपालगाडीची वाट बघत. संध्याकाळी नातू घरी आला तरी फारसा फरक नसे. त्याला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत. त्याचं इंग्रजी अण्णांना झेपत नसे आणि पुन्हा विचारायचा संकोच. तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी हळूच विचारलं, "तिकीट अलीकडचं करून मिळेल का रे?"

त्याच आठवड्यात टीव्हीवर फिलीजचा सामना चालू होता. एका चेंडूवर दोन गडी बाद झाले आणि चिरंजीव ओरडले, "सिक्स-फोर-थ्री!" आकडे ऐकताच अण्णांनी मान वर केली. "सहा-चार-तीन? हे काय?" पोराने दप्तरातून त्याच्या लिटल लीगची स्कोअरची वही काढली.

अण्णा दादरचे. नोकरी बँकेत, पण पावसाळ्यातले रविवार कांगा लीगच्या सामन्यांना दिलेले. ते एका क्लबाचे स्कोअरर होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली घेऊन निघत. मेडन ओव्हर पडली की सहा टिंबं जोडून 'एम' कसा काढायचा, हे त्यांच्याकडून शिकावं.

बेसबॉलच्या वहीत प्रत्येक क्षेत्ररक्षकाला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या बेसवरचा ४, शॉर्टस्टॉप ६. म्हणजे ६-४-३ हा चेंडूचा प्रवास: शॉर्टस्टॉपने अडवला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर. फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद झाला तर 'के' लिहितात. तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता नुसता बघत राहिला, तर तोच 'के' उलटा. अण्णांना हे फार आवडलं. "म्हणजे कसा बाद झाला, त्याचीही नोंद!"

मी थोडं वाचलं, तेव्हा एक गंमत कळली. ही नोंदीची पद्धत रुजवण्यात मोठा वाटा हेन्री चॅडविक यांचा. ते १८२४ साली इंग्लंडात एक्झेटरला जन्मले, लहानपणी अमेरिकेत आले आणि वार्ताहर म्हणून आधी क्रिकेटच्या बातम्या देत. बेसबॉलचा तक्ता त्यांनी क्रिकेटच्या धावफलकावरून बेतला. 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर म्हणून 'के', हेही त्यांचंच. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "तरीच! वही ओळखीची वाटत होती."

मग रोजचा कार्यक्रम ठरला. आकडे अण्णांना वाचता येत, पण लहानसा चेंडू टीव्हीवर नीट दिसत नसे. तेव्हा नातू सांगणार, आजोबा लिहिणार. आणि सांगायचं तर मराठीतच सांगावं लागे! "आजोबा, त्याने बॉल मारला पण डावीकडच्याने पकडला." व्याकरण चुकायचं, अण्णा चुका काढत नसत, फक्त "कितवा बाद?" विचारत. आमच्या शनिवारच्या मराठी वर्गाला जे तीन वर्षांत साधलं नाही, ते जून-जुलैत झालं. (वर्गाचा शिक्षक मीच, तेव्हा रागावू नये.)

शेजारचे अमेरिकन गृहस्थ एकदा कुंपणावरून हे बघत होते. त्यांना त्यांच्या आजोबांनी फिलाडेल्फियाच्या जुन्या कॉनी मॅक स्टेडियमवर नेलं होतं. तिथे फिलीज १९७० पर्यंत खेळले. मुलाला त्यांनी व्हेटरन्स स्टेडियमवर नेलं आणि आता नातवाला २००४ साली उघडलेल्या सिटिझन्स बँक पार्कवर नेतात. पहिली दोन्ही मैदानं पाडली गेली. "नेण्याची पद्धत तेवढी राहिली," ते म्हणाले.

ते ऐकून मी जरा गप्प झालो. मी दहावीत असताना एका रविवारी अण्णा म्हणाले होते, "चल आज मैदानावर, तुला स्कोअर शिकवतो." माझा क्लास होता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, मीही नाही. आज प्रयोगशाळेत 'नोंद नाही तर प्रयोग झालाच नाही' असं नव्या मुलांना मी ऐटीत सांगतो; पण ज्यांच्या वहीत शिस्त होती, त्यांची वही मी कधी उघडून पाहिली नाही. माझ्या नावापुढे त्या रविवारी उलटा 'के'च.

तिकीट अलीकडचं झालं नाही. अण्णा ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत गेले, बॅगेत दोन कोऱ्या वह्या घेऊन. वर्ल्ड सिरीजचा इथला रात्री आठचा सामना म्हणजे तिकडे पहाटे साडेपाच. अण्णा तसेही पाचला उठतात. चहा घेऊन ते फोनजवळ बसत आणि इथून नातू पहिल्या तीन इनिंग्ज सांगे. पुढे त्याची झोपायची वेळ. उरलेल्या सहा मी सांगत असे. अजून मला शॉर्टस्टॉपचा आकडा चुकतो. अण्णा शांतपणे म्हणतात, "सहा रे, सहा. लिहून ठेव."

ज्यांच्याकडे यंदा आजी-आजोबा यायचे आहेत, त्यांनी एक कोरी वही आणि दोन पेन्सिली जरूर आणून ठेवाव्यात. लिहायचं कसं ते शिकायचं असेल तर आमचे चिरंजीव शिकवतील, मराठीतून!

भेटू पुढच्या अंकात.