विश्लेषण : जवानाची वर्दी कोण देते? कपडे मिळतात की पैसे?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत अग्निवीर भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना धावण्याची वेळ, उंची, छाती हे सगळे तोंडपाठ असते. पण ‘निवड झाल्यावर वर्दीचा खर्च कोणाचा?’ असे विचारले तर घरात पक्के उत्तर मिळत नाही. खरे उत्तर असे : काही कपडे सरकार देते, काहींसाठी पैसे देते. यातला फरक भरतीला जाणाऱ्या प्रत्येक घराला माहीत हवा.

पहिली वर्दी कुठे मिळते?

प्रशिक्षण केंद्रात. तिथे दाखल झाल्यावर जवानाला गणवेश, बूट आणि इतर साहित्याचे किट दिले जाते. म्हणून ‘तुमच्या मुलाच्या वर्दीचे पैसे आधी भरा’ असा फोन आला तर सरळ बंद करा. सैन्य भरतीत दलालाला जागा नाही, हे लष्कर वारंवार सांगते.

ड्रेस अलाउन्स म्हणजे काय?

पूर्वी जवानांना ठरावीक मुदतीने कपडेच मिळत. अधिकारी मात्र भत्ता घेऊन गणवेश शिवून घेत. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, गणवेश, बूट, किटची देखभाल असे वेगवेगळे भत्ते एकत्र करून एकच ‘ड्रेस अलाउन्स’ सुरू झाला. जवानांना वर्षाला १०,००० आणि अधिकाऱ्यांना २०,००० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की ही रक्कम २५ टक्क्यांनी वाढते. जानेवारी २०२४ मध्ये तो टप्पा आला. त्या हिशोबाने जवानांचे १२,५०० आणि अधिकाऱ्यांचे २५,००० रुपये होतात. अग्निवीरही ड्रेस अलाउन्सला पात्र आहेत.

कपडे शिवते कोण?

आपल्या जिल्ह्यात अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, पण वर्दी तिथे शिवत नाहीत. ते काम शहाजहानपूर, आवडी यांसारख्या कारखान्यांचे. ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने ‘ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड’ या सरकारी कंपनीत आहेत. जवानांच्या हातात पैसे आले तशी या कारखान्यांकडची मागणी घटली.

मग नव्या वर्दीचे काय?

१५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला लष्कराने डिजिटल छापाची नवी लढाऊ वर्दी दाखवली. रचना ‘निफ्ट’च्या मदतीने झाली असून कापडात ७० टक्के सुती आणि ३० टक्के पॉलिस्टर धागा आहे. लष्कराने या डिझाइनची नोंदणी केली आहे. त्यामुळे परवानगीशिवाय ही वर्दी बनवणे बेकायदा ठरते. सुरुवातीचे ५० हजार संच सीएसडी म्हणजे लष्करी कॅन्टीनच्या १५ डेपोंमध्ये पोहोचले. त्यात मुंबई आणि खडकी हे दोन डेपो महाराष्ट्रातले. पुढे जवानांना हक्काच्या किटमध्येच देण्यासाठी ११ लाख ७० हजार संचांच्या खरेदीचे नियोजन झाले. एका संचाचे आयुष्य १५ महिने धरले आहे. म्हणजे लढाऊ वर्दीपुरते तरी सरकार पुन्हा ‘पैसे घ्या’कडून ‘कपडे घ्या’कडे वळले.

हे योग्य आहे का?

आमच्या मते, होय. भत्ता जमा होतो जुलैत. आपल्याकडे तोच भातलावणीचा महिना. खत, मजुरी, मुलांची वह्या-पुस्तके, सगळे खर्च एकदम अंगावर येतात. अग्निवीराच्या हातात पहिल्या वर्षी महिन्याला २१,००० रुपये येतात आणि घराची नजर त्यावरच असते. अशा वेळी त्याच खात्यात आलेले वर्दीचे पैसे वेगळे राहतील, ही अपेक्षा कागदावरची आहे. शिवाय प्रत्येकाने आपापले कापड घेतले तर रंग, छाप आणि टिकाऊपणा एकसारखा राहत नाही.

फक्त कपडे द्यायचे ठरवूनही भागत नाही. सियाचीन, लडाखसारख्या ठिकाणचे बर्फातले कपडे सरकारच पुरवते. तरी खरेदी रखडल्याने त्यांचा तुटवडा झाल्याचे फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या ‘कॅग’च्या अहवालाने दाखवले. वर्दी कपड्याच्या रूपात द्यायची तर ती वेळेवर आणि मापाची मिळाली पाहिजे. नाहीतर जवानाला पुन्हा खिशातच हात घालावा लागेल.

बाजारातली छापील पँट घालावी का?

जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटचे हल्लेखोर लष्करी वेशात होते, हे विसरू नका. आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे म्हणून तसा पोशाख घातल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी तर यापासून लांबच राहावे.

थोडक्यात, लढाऊ वर्दी आणि बर्फातले कपडे सरकारने हातात द्यावेत, बाकीच्यासाठी भत्ता ठेवावा. सीमेवर पाठवलेल्या मुलाच्या अंगावरचा कपडा त्याच्या घरखर्चातून निघू नये.