रविवार कोणाचा?

रविवारी सकाळी दुसऱ्या चहाची फर्माईश करताना नारायण मेघाजी लोखंडे कोणाला आठवत नाहीत. पण ती निवांत सकाळ त्यांची देणगी आहे. सभा, सह्या आणि अर्ज या मार्गाने १८९० मध्ये या सत्यशोधकाने मुंबईच्या गिरणीमालकांकडून आठवड्याची सुट्टी मिळवली. गांधीजींच्या प्रेरणेने १९२० मध्ये अहमदाबादेत उभ्या राहिलेल्या मजूर महाजनाने मालकाला विश्वस्त मानले आणि भिस्त लवादावर ठेवली. कम्युनिस्ट नेते डांगे प्रभृतींच्या लाल बावट्याला हा समेट म्हणजे शरणागतीच वाटली. त्यांच्या सहभागाने मुंबईच्या गिरण्यांतला १९२८ चा संप सहा महिने चालला. बाबासाहेबांचा सवाल आणखी खोलवरचा होता: साऱ्या कामगारांची जात एकच असेल, तर चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव का? तरीही संपाच्या हक्कावर गदा येताच ७ नोव्हेंबर १९३८ रोजी ते कम्युनिस्टांसोबत संपात उतरले. पुढे १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला. त्याविरुद्धची चीड १९८२ च्या गिरणी संपात कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आली. संप फसला, गिरण्यांच्या जागी टॉवर आले. या साऱ्या पंथांत खरा कोणता, हा वाद वाचनालयात रंगतो. माझ्या मते, कामगाराला परवडत नाही तो फक्त मालकाने परस्पर निवडलेला पंथ. आज दारात पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला विचारून पाहा, त्याचा रविवार कुठे आहे?