शिकारीचा वाटा

मुलीकडे ॲरिझोनात गेलो असताना, थंडीतल्या एका सकाळी हॅरिस हॉक या शिकारी पक्ष्यांच्या शिकवलेल्या जोडीची शिकार पाहिली. तिथल्या निवडुंगांच्या वाळवंटात हे पक्षी मुळातच सारे कुटुंब मिळून ससा मारतात आणि वाटून खातात. शिकारी पक्ष्यांत ही गोष्ट विरळाच.

मालकाने आधी दोघांना काट्यावर तोलले. पोट भरलेला पक्षी हाकेला येत नाही! मग काठीने झुडूप झोडपले. ससा निघाला. नर झेपावला, ससा वळला, आणि वळणावर मादी टपलेलीच होती. सशासाठी जीव कळवळला, हे कबूल करतो.

पण लक्षात राहिले ते पुढचे. मालकाने दोघांना वेगवेगळा मांसाचा तुकडा दिला, मगच ससा उचलला. ‘एकाला डावललं, तर उद्या एकमेकांवरच तुटून पडतील,’ तो म्हणाला.

बँकेत तीस वर्षे भागीदारीची खाती पाहिली. तोट्याने मोडलेल्या भागीदाऱ्या थोड्या. नफ्याच्या वाट्यावरून मोडलेल्याच फार. घरांचेही तसेच. एकत्र राबणे जमते हो; खरी परीक्षा ताटे वाढताना असते.