वाघाच्या ताटातली कोंबडी

नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालात कारण आले ते बर्ड फ्लूचे, म्हणजे एच५एन१ विषाणूचे. मे २०२५ मध्ये गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयातील वाघीणही याच विषाणूने मेली आणि उत्तर प्रदेशात प्राणिसंग्रहालये काही दिवस बंद ठेवावी लागली.

पक्ष्यांचा हा आजार वाघापर्यंत पोहोचतो तो बहुधा खाण्यातून. थायलंडच्या श्रीराचा येथे २००४ मध्ये कच्ची कोंबडी खाल्लेल्या वाघांमध्ये साथ पसरली. तिथल्या ४४१ पैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना मारावे लागले. व्हिएतनाममध्ये २०२४ साली ४७ वाघ गेले. हा विषाणू ७० अंश सेल्सिअसला मरतो, म्हणून नीट शिजवलेली कोंबडी आणि अंडी माणसाला सुरक्षित असतात. वाघ मात्र कच्चेच खातो.

खानदेशाला हा विषाणू नवा नाही. देशातील बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये धुळ्याशेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाली. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथेच पुन्हा तीच वेळ आली. म्हणजे कोंबडीच्या शेडमधला आजार वेळीच कळवणे हा केवळ पोल्ट्रीवाल्यांचा प्रश्न उरत नाही. तिथून निघालेले मांस कुठल्या पिंजऱ्यात पोहोचेल, हे सांगता येत नाही.

म्हणून खरी राखण प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाइतकीच त्याच्या मांसकोठीत हवी. मांस कुठून आले याची नोंद, जवळपास साथ असताना कोंबडी पूर्ण बंद, नव्याने आणलेल्या प्राण्याला काही काळ वेगळे ठेवणे आणि मेलेल्या कावळ्या-बगळ्यांची लगेच तपासणी, ही कामे महागडी नाहीत. पण ती रोज करावी लागतात, आणि त्यासाठी कायमचा पशुवैद्यक व पुरेसे कर्मचारी लागतात.

आजाराची वाट दुहेरीही असते. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांना करोनाची लागण झाल्याचे आढळले होते. हिवाळ्यात शाळांच्या सहली छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानाकडे किंवा पुण्याच्या कात्रजकडे निघतात, तेव्हा पालक-शिक्षकांनी तीन गोष्टी पाळाव्यात. सर्दी-ताप असलेल्या मुलाला घरीच ठेवावे. मेलेल्या पक्ष्याला हात लावू देऊ नये, तो दिसल्यास कर्मचाऱ्यांना सांगावे. बाहेर पडताना आणि डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवावेत. पिंजऱ्यात शेंगदाणे-बिस्किटे टाकण्यास तर वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मनाई आहे.

माणसात हा संसर्ग क्वचितच होतो, त्यामुळे सहल रद्द करण्याचे कारण नाही. मात्र वाघ पाहायला गेलेल्यांनी, त्याला आज काय खायला दिले आणि ते कुठून आले, एवढे जरूर विचारावे.